झाकणावरची तारीख

घरात शिळं खायचं की टाकायचं, हे सासूबाईंचं नाक ठरवायचं. महिन्यापूर्वीच्या तापानंतर त्या नाकाला वासच येईना, पण त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. दुपारी गरोदर सुनेने फ्रिजमधून सूपचा डबा काढला. "आई, वास घेऊन सांगा, पिऊ का?" सासूबाईंनी डबा नाकाशी धरला. काही म्हणता काही कळेना. 'पी' म्हणणार, तेवढ्यात नजर तिच्या पोटावर गेली. "मला विचारू नकोस गं. नाक मेलंय माझं." "ठाऊक आहे. परवा नासक्या दुधाला छान म्हणालात." "मग विचारलंस कशाला?" "कधी सांगताय, बघत होते." सुनेने सूप सिंकमध्ये ओतलं आणि चिकटपट्टी, पेन त्यांच्यापुढे ठेवलं. संध्याकाळी ताज्या सूपच्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून सासूबाईंनी ठसठशीत तारीख लिहिली आणि सवयीने डबा नाकाशी नेला. "कसं आहे?" सुनेने विचारलं. "आजचं आहे," त्या म्हणाल्या.