क्राबीची सॅक

“टॉग्ज काढ त्यातून,” शेखर म्हणाला.

नीताने पोहायची निळी चड्डी घडी घालून सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवली होती. “अरे, थायलंडला चाललायस. समुद्र आहे तिथे.”

“यंदा पाण्यात नाही उतरायचं. आणि सामान मीच भरणार, सांगितलंय ना? तू हात लावायचा नाहीस.”

चड्डी तिच्या हातात देऊन तो लोकरी बनियन गुंडाळायला बसला. कपड्यांच्या घट्ट सुरळ्या करायची त्याची जुनी सवय. बावीस वर्षांपूर्वी तो, श्याम आणि संग्राम अशाच सुरळ्या भरून ऑकलंडहून क्राबीला गेले होते. एका ऑफिसातले तीन मराठी इंजिनियर, चाळिशी उलटलेले आणि पाठीवर कॉलेजच्या पोरांसारख्या सॅक. फी-फीच्या बोटीतून उतरताना श्यामची एक चप्पल वाहून गेली, तर पठ्ठ्या उरलेली एकच पायात घालून पार कोह लांटापर्यंत मिरवला. ही गोष्ट घरात इतक्यांदा झाली होती की लहानपणी मैत्रेयी ती बाबांनाच इंग्रजीत परत ऐकवायची.

श्यामला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. संग्राम पुण्याला परतला होता. आणि गेले चार महिने शेखर उठला की विचारायचा, “नीता, सॅक कुठाय? श्याम खाली थांबलाय.”

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, त्या दिवशी गाडीत बसल्यावर त्याने तिचा हात धरला होता. “मला कुणाच्या दारात सोडून येऊ नकोस. एवढं वचन दे.” तिने दिलं. मग दोनदा स्टोव्ह चालूच राहिला. जूनमध्ये इथल्या थंडीत, भर पावसात तो मोटरवेच्या कडेने जँडल्स, रबरी चपला घालून चालला होता. पोलिसांनी घरी आणून सोडलं, तर त्यांनाच म्हणाला, “चहा घेऊन जा, श्याम येतोच आहे.”

केअर होममध्ये जागा निघाल्याचं पत्र आलं. खोली नंबर चौदा, उत्तरेची खिडकी, म्हणजे या देशात ऊन येणारी. खाली सूचना होती: धुलाई सगळ्यांची एकत्र असते, तरी प्रत्येक कपड्यावर नाव आणि खोली नंबर लिहून आणावा. नीताने पत्र देव्हाऱ्यातल्या लाल कापडाखाली सारलं. चाळीस वर्षांत शेखरने तिथे साधी उदबत्ती लावली नव्हती.

त्याच आठवड्यात तो अचानक सकाळी देवासमोर मांडी घालून बसायला लागला. आजार माणसाला कुठे कुठे नेतो, नीताला वाटलं.

“वाद घालू नका, त्यांच्या गोष्टीत शिरा,” होममधली नर्स म्हणाली होती. ख्राइस्टचर्चहून मैत्रेयीनेही कडेवरचं बाळ जोजवत फोनवर तेच सांगितलं. “मम, जस्ट टेल हिम इट्स द ट्रिप.”

मग गुरुवारी चहा देताना नीता म्हणाली, “मंगळवारी निघायचंय तुला. क्राबीला.”

त्याने तिच्याकडे बघितलं. कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“बरं,” म्हणाला.

रविवारी तिने नावं घालायला म्हणून खण उघडला, तर खास आणून ठेवलेला मार्कर जागेवर नव्हता. विसरायचा रोग लागणारा असावा, असं स्वतःशी म्हणत ती कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, दुसरा घेऊन आली. पण शेखर सॅकजवळून हलेना. शेवटी तिने ठरवलं, तिथे पोचल्यावरच लिहू.

मंगळवारी माउंट रॉस्किलमधल्या घरून गाडी निघाली, तेव्हा पासपोर्टबद्दल विचारलं तर काय सांगायचं, याची तीन उत्तरं तिने पाठ केली होती. त्याने विचारलंच नाही. विमानतळाची पाटी आली. नीताने ते वळण सोडलं. शेखर दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होता.

“परत जाताना मोटरवे घेऊ नकोस,” तो म्हणाला. “ट्रकवाले मागून हॉर्न देतात, तू घाबरतेस.”

“मी कुठे घाबरते?”

“घाबरतेस. पहिल्यापासून भित्री.”

होमच्या दाराला आकडे दाबायचं कुलूप होतं. मागच्या खेपेला इथेच एक म्हातारा चौकट धरून बसलेला तिने पाहिला होता. त्याच्या बायकोने त्याची बोटं एकेक करून सोडवली होती.

“किया ओरा, चंद्रा!” नर्सने दार उघडलं. चंद्रशेखर हे अख्खं नाव तिच्या जिभेवर बसत नव्हतं.

“श्याम आला का गं?” शेखरने नीताला विचारलं.

“तो पुढे गेलाय.”

“मग खोळंबला असेल बिचारा. एका चपलेवर.” तो हसला, पाठीवरची सॅक उतरवून तिच्या हातात दिली आणि नर्सबरोबर चहाच्या खोलीकडे चालू लागला. पाय ओढत, पण ताठ. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

याचीच तर तिला भीती होती, की तो वळेल. आणि आता वळला नाही, तेच तिला लागलं. त्याला काही कळलं नाही. वचन मोडलं ते तिने एकटीने, आणि जन्मभर तिलाच ते ठाऊक राहणार.

चौदा नंबरच्या खोलीत पलंगावर ऊन पडलं होतं. नीताने दार लोटलं, डोळे पुसले, पर्समधून मार्कर काढला आणि सॅक उघडली. पहिली सुरळी उलगडली. मग दुसरी. मग हाताला येईल ती. प्रत्येक कॉलरच्या आतल्या बाजूला, ऑफिसात ड्रॉइंगवर लिहायचा तशाच उभ्या, एकसारख्या इंग्रजी अक्षरांत, काळ्या मार्करने आधीच लिहिलेलं होतं: चंद्रशेखर, खोली १४.