धाकट्या जावयांची कानटोपी

“डावीकडून पास येईल. मग गोल,” धाकटे जावई म्हणाले.

पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर घुटमळत होता. मग तो डावीकडे गेला, तिथून आत आला आणि जाळीत जाऊन बसला. अख्खा दिवाणखाना उठून उभा राहिला. सासऱ्यांनी टीव्हीकडे पाहिलंच नाही. ते जावयाकडे पाहत होते.

आजवर या घरात सामना समजावून सांगण्याचा मान थोरल्या जावयांचा होता. ते बँकेत मॅनेजर होते, कॉलेजात कधीतरी राखीव गोलरक्षक होते, आणि गोल होऊन गेल्यावर तो का झाला हे बिनचूक सांगत. धाकटे चपलांच्या दुकानात विक्रेते. त्यांना दाराजवळचं स्टूल मिळे, आणि बेल वाजली की दार उघडण्याचं कामही.

चमत्कार त्यांच्या कानटोपीत होता. स्टुलावरून पडदा धड दिसत नसे, म्हणून सर्दीचं निमित्त करून चढवलेल्या टोपीखाली, एका कानात रेडिओ चालू असे. टीव्हीचं चित्र उपग्रहाला वळसा घालून येई, म्हणून जरा उशिरा पोचे. रेडिओचा समालोचक मैदानातूनच बोंब ठोकी आणि ती तडक कानात शिरे. पहिल्यांदा ते निव्वळ चुकून बोलून गेले होते. एवढं कौतुक झालं की खुलासा करायचा राहून गेला. पुढच्या रविवारी त्यांना सोफ्यावर जागा मिळाली, चहाही थोरल्यांच्या आधी आला. थोरले सरकत सरकत स्टुलावर पोचले. बेल वाजली की आता तेच उठत.

बायकोला सगळं ठाऊक होतं. ऐन उन्हाळ्यात ती एवढंच म्हणाली, “अहो, टोपी एकदा तरी धुवायला टाका. सर्दी कधीच बरी झाली.”

मग मेहुणीने त्यांचं भाकीत फोनवर टिपून जगाला दाखवलं, आणि अंतिम सामन्यासाठी वाहिनीकडून बोलावणं आलं. तज्ज्ञ म्हणून. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर सासऱ्यांनी गल्लीभर सांगून शेजाऱ्यांच्या खुर्च्यासुद्धा मागवल्या होत्या. खुर्च्या मांडत होते थोरले. “बघूया,” एवढंच ते म्हणाले. त्या ‘बघूया’त स्टुलावरचे सगळे रविवार होते.

वाहिनीचा स्टुडिओ निघाला मैदानाच्याच माथ्यावर. समोर काच, काचेखाली हिरवंगार मैदान. इथे चित्राला उशीर होण्याचा प्रश्नच नव्हता. समोर साक्षात सामना होता, आणि कानातला रेडिओ फार तर डोळ्यांना दिसतंय तेच पुन्हा सांगणार होता. धाकट्या जावयांनी टोपी कानांवर आणखी खाली ओढली. शेजारच्या खुर्चीत माजी कर्णधार बसले होते. टीव्हीवर हे बोलू लागले की सासरे सगळ्यांना गप्प करत. यांची वाक्यं थोरले दुसऱ्या दिवशी बँकेत स्वतःची म्हणून वापरत. अशा माणसाशेजारी बसून आज घरच्यांसमोर, गल्लीसमोर फजिती होणार होती. सोफा तर जाणारच होता. स्टूल तरी परत मिळेल का, याची शाश्वती नव्हती.

धाकट्यांनी कार्यक्रमाच्या निर्मातीबाईंना हळूच बाजूला बोलावलं. टोपी काढली, कानातला रेडिओ दाखवला, पहिल्या रविवारपासूनचं सगळं सांगून टाकलं.

“बाई, मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. चपलांचं विचारा, सांगेन. मला जाऊ द्या.”

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खिशातून कानात बसेल असं एक बारीक यंत्र काढलं.

“काका, ते तुमचं काढा, हे आमचं घाला. आतून आमची माणसं सांगतील तेच बोलायचं, मध्ये मान हलवायची. टोपी मात्र राहू द्या, लोक तिच्यावरून ओळखतात.”

धाकट्या जावयांनी ते यंत्र उलटसुलट करून पाहिलं. तेवढ्यात माजी कर्णधार आपल्या कानावर टिचकी मारत बाईंकडे वळले.

“अहो, माझं आज नीट तपासून द्या. मागच्या वेळी ऐन सामन्यात बंद पडलं, आणि शेवटपर्यंत मला स्वतःच्या डोक्याने बोलावं लागलं.”