कडी बाहेरून

"कडी आतून का बाहेरून?" वेल्डरनं विचारलं.

काकूंनी मागे वळून पाहिलं. काका आत खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते.

"बाहेरून," चोरून काही मागावं तशा त्या हळूच म्हणाल्या.

वेल्डरनं गजाच्या दारावर खडूनं खूण केली. "राहत्या घराला बाहेरून कडी म्हणजे जरा उलटंच. नाही, तुम्ही म्हणाल तशी लावतो."

"आमचे हे निघून जातात. परवा हमरस्त्याच्या मधोमध सापडले, अनवाणी. एक ट्रकवाला घेऊन आला. मला दूध, औषधं आणायला बाहेर पडावंच लागतं, आणि घरात आम्ही दोघंच."

 वेल्डरनं काळी काच डोळ्यांसमोर धरली आणि पहिली ठिणगी उडवली.

त्या आवाजाबरोबर काका उठून उंबऱ्यात आले.

"रॉड दमट आहे तुझा," ते म्हणाले. "तडतडतोय नुसता. उन्हात टाक जरा."

वेल्डरनं रॉड हातात फिरवून पाहिला आणि मुकाट्यानं उन्हात नेऊन ठेवला. "काका, तुम्ही ह्याच धंद्यातले दिसता."

"चाळीस वर्षं ह्यांनी दारं आणि फाटकंच केली," काकूंनी सांगितलं.

मग काका तिथून हललेच नाहीत. काटकोन तपासायचा गुण्या मागून घेतला, चौकटीच्या कोपऱ्याला लावला आणि एक डोळा मिटून म्हणाले, "पाव इंच बाहेर आहे." वेल्डरनं टेप लावली. पाव इंचच भरलं.

"घ्या, फुकटात मुकादम मिळाला मला. तोही खडूस."

"खडूस नसता तर आतापर्यंत तुझं दार कुणाच्या तरी डोक्यात पडलं असतं," काका म्हणाले, आणि दोघंही हसले.

काकूंनी दोनदा चहा केला. गेल्या कित्येक महिन्यांत काकांना शर्टाची बाही कुठली आणि गळा कुठला तेसुद्धा उमगत नव्हतं. आज त्यांचे हात कुणाला काही न विचारता काम करत होते. सांध्यावरची काळी खपली हातोडीनं टिचकी मारल्यासारखी उडवायची, खालून चकचकीत रेघ निघाली की तिच्यावरून अंगठा फिरवायचा, पुढच्या सांध्याकडे वळायचं. काकू बघत राहिल्या. हे दार कशासाठी चाललंय, ते थोडा वेळ त्यांच्याही डोक्यातून गेलं होतं.

दुपारी दार बिजागरीवर चढलं. वेल्डर आणि काकू बाहेर उभे राहिले, काका आत. वेल्डरनं कडी सरकवली.

काकांनी क्षणभर कडीकडे पाहिलं. मग गजांमधून हात बाहेर काढला, मनगट वळवलं, आणि कडी उघडली.

"हे कसलं काम?" ते वेल्डरला म्हणाले. "कुणीही हात घालून उघडेल की."

काकूंना एकदम हलकं वाटलं. "असू दे," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "चालेल तसंच."

वेल्डरनं त्यांच्याकडे पाहिलं. "काकू," तो आवाज उतरवून म्हणाला, "मग केलं कशाला?"

 उत्तर काकांनीच दिलं.

"गिऱ्हाइकाला कळत नसतं रे. ते चालेलच म्हणणार. आपण अर्धवट सोडायचं नाही. कडीभोवती पत्रा मार. इकडे ये, खडू दे."

त्यांनी खांद्यापर्यंत हात गजांतून घातला, बोटं ताणली, आणि स्वतःची बोटं जिथवर पोचत होती तिथं दुसऱ्या हातानं खडूची खूण केली. मग आणखी दोन बोटं जागा सोडून ठळक रेघ ओढली.

"इथपर्यंत. म्हणजे कितीही लांब हाताचा असला तरी पोचणार नाही."

वेल्डर हातात होल्डर धरून तसाच उभा राहिला. "काय करू, काकू?"

काकू त्या रेघेकडे बघत होत्या.

"मारा," त्या म्हणाल्या.

पत्रा काकांनीच धरला, आतल्या बाजूनं, जराही न हलवता. काकूंनी ठिणग्यांकडे पाठ केली. डोळ्यांना त्रास होतो म्हणाल्या.

काम संपलं. वेल्डरनं पुन्हा कडी सरकवली. काकांनी हात घातला, वर, खाली, तिरका करून पाहिला. बोटं नुसती पत्र्यावर खरडली.

"आता झालं काम," ते समाधानानं म्हणाले. गुण्या पुसून गजांतून वेल्डरच्या हातात दिला. मग काकूंकडे वळून अदबीनं म्हणाले, "चला बाई, उघडा. निघतो मी."

"कुठं?"

"घरी. बायको जेवायची थांबते माझी. कितीदा सांगितलं, थांबत जाऊ नकोस म्हणून. ऐकेल तर शपथ."

वायर गुंडाळता गुंडाळता वेल्डर थांबला. काकूंचा हात कडीवर होता.

"लांब आहे का हो घर?" त्यांनी विचारलं.

काकांनी गजांतून हात बाहेर काढला आणि काकूंच्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्याच्या टोकाकडे बोट दाखवलं.

काकूंनी वळून तिकडे पाहिलं.