आठ मीटर

राष्ट्रीय एकात्मतेचा पाया बालमनात घातला जातो, असं बालमहोत्सवाच्या पत्रिकेवर छापलं होतं. कोपरखैरण्याच्या त्या हॉलमागच्या खोलीत, पडदा उघडायला वीस मिनिटं असताना, पंजाब कापडावर अडला होता.

भांगड्याला आठ मुलं होती आणि पगडीचा चाळीस मीटरचा पिवळाधमक ताका. माणशी पाच मीटर, हा हिशेब चोप्रासाहेबांचा. सेक्टरमधले एकमेव पंजाबी म्हणून त्यांना सल्लागार नेमलं होतं. पगडी त्यांनी आयुष्यात एकदाच, स्वतःच्या लग्नात घातली होती, तीही दुसऱ्याने बांधलेली.

बांधायला हौसेराव होते. मार्केटात कांद्याच्या गोणी उचलणारे, मूळचे साताऱ्याचे, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला. गावाकडे नवरदेवाचा फेटा त्यांच्याशिवाय कुणी बांधत नसे. त्यांनी कापड हाताने मोजलं आणि आठ मीटरवर कात्री लावली.

"भाईसाब, पाँच," चोप्रा म्हणाले. "बच्चे हैं."

"फेटा आठाचा. पोर असो न्हाईतर पाटील."

"लेकिन ये पगडी है."

"तुमी बांधताय का?"

चोप्रा बाजूला झाले.

महोत्सवाच्या चिटणीस स्मिताबाई यादी घेऊन फिरत होत्या. "हौसेराव, आधी तुमच्या राजनंदिनीला बांधून घ्या, तीन आठवडे एक दिवस चुकली नाही पोरगी."

"घरचं माणूस शेवटी, मॅडम."

कापडाचं एक टोक मुलाच्या दातात देऊन हौसेराव पीळ भरू लागले. वर ताठ तुरा, मागे कमरेपर्यंत शेमला. एकेक पंजाबी मुलगा थेट कोल्हापूरच्या वरातीतून आल्यासारखा उभा राहिला. पाचव्या फेट्याला ताका संपला.



"पगडीशिवाय स्टेजवर कुणी जाणार नाही," स्मिताबाई म्हणाल्या. "एकसारखा पोशाख नसेल तर परीक्षक गुण कापतात. सोडा ते, आणि पाच-पाचचे करा."

"बांधलेला फेटा पोराच्या डोक्यावरनं उतरवू? शुभ कामाला?" हौसेरावांनी कात्री खिशात घातली. "माझ्या हातनं व्हायचं न्हाई."

उरलेल्या तिघांपैकी दोघांना गुजरातने घेतलं. त्यांच्याकडे दोन टोप्या जास्तीच्या होत्या. राहिली राजनंदिनी. पायात घुंगरू, अंगात चमकीचं जाकीट, डोक्याला घट्ट दोन वेण्या.

"आण्णा, मग मी?"

"तुला घरी बांधतो की. झ्याक."

"घरी कोण बघणाराय?"

हौसेरावांनी तिच्या डोक्याकडे हात नेला आणि तिथे बांधायला काही नसल्याने परत घेतला.

ढोल सुरू झाला. बापलेक पडद्याआड उभे राहून बघत होते. स्टेजवर पाच जणांच्या पाच तऱ्हा चालल्या होत्या; एकाने तर डावा पाय कुठला हेच ठरवलं नव्हतं. पडद्याआड राजनंदिनीचे पाय ठेक्यावर बिनचूक पडत होते. घुंगरांचा आवाज जाऊ नये म्हणून तिने वाकून ते हाताने धरले होते.

"एक बी फेटा हलला न्हाई," हौसेराव हळूच म्हणाले.



तेवढ्यात ढोल थांबला. नाच दीड मिनिटाचा होता. सहा वाजता हॉल साखरपुड्याला द्यायचा होता, म्हणून प्रत्येक राज्याला तेवढाच वेळ होता.