किड्यांचा महिना

भिंतींचा चुना वाळला तशी होसियतने मधल्या, लेकीच्या खोलीत दुलई अंथरली. महिनाभर या खोलीत रेशमाचे किडे होते. आता कोश काढून झाले, गोण्या खरेदी केंद्रावर पोचल्या आणि खोली पुन्हा माणसांची झाली. उशीवर तिने एक झगा घडी घालून ठेवला. ओयदिनचा, लग्नाआधीचा. उद्या सकाळी कालव्यापलीकडे तिच्या सासरी जायचं, विहिणीशी दोन शब्द गोड बोलायचे आणि लेकीला चार दिवस माहेरी आणायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

तुळईवर एक कोश राहून गेला होता. त्याला भोक पाडून पाखरू बाहेर आलं होतं आणि भिंतीवर पंख थरथरवत बसलं होतं. होसियतला हसू आलं. सहा वर्षांची असताना ओयदिनने असंच एक पाखरू तळहातावर घेऊन त्याला साखर भरवायचा घाट घातला होता.

"त्याला खायला तोंडच नसतं, वेडे. कोशातून निघालं की मरेपर्यंत उपाशी."

पोरीने बराच विचार केला. "मग भूक लागली हे ते आईला सांगतं कसं?"

ही गंमत होसियतने तेव्हा सगळ्या आळीला सांगितली होती.

फाटक वाजलं. अंगणात सलोमत उभी होती, ओयदिनची सासू. हातात रुमालात बांधलेल्या दोन रोट्या आणि कपाळावर आठ्या.

"या, या विहीणबाई! उद्या मीच निघाले होते तुमच्याकडे. बसा, चहा टाकते."

"चहा राहू दे. झाला ना तुमचा किड्यांचा महिना? मग पाठवा आता सुनेला. वीस दिवस झाले! गाय मी बघायची, तंदूर मी पेटवायचा, माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत? म्हटलं, आईला हाताखाली कोणी हवं असेल, म्हणून गप्प बसले. पण त्यालाही काही सुमार?"

होसियत किटली हातात धरून उभी राहिली. "कुणाला पाठवू?"

"कुणाला म्हणजे? ओयदिनला! इथंच आली ना ती?"

आली होती. चौथी झोप संपवून, कात टाकून किडे शेवटचं मोठं खाणं खात होते त्या दिवसांत. तेव्हा किड्यांचा मान जावयापेक्षा मोठा. घर त्यांना देऊन माणसं अंगणात निजतात. घरात कांदा परतत नाहीत, आवाज चढवत नाहीत आणि परक्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. नजर लागली की किडे खाणं सोडतात म्हणे. होसियत तुतीच्या फांद्यांचा भारा पाठीवर घेऊन आली, तर लेक दारात उभी. भर दुपारी. डोक्यावरचा रुमाल भुवयांपर्यंत ओढलेला, हातात लहानसं बोचकं.

"आई, मला जरा..."

"श्श! हळू बोल. आणि आत नको येऊस गं, किडे बिथरतात."

"मी आले तरी?"

"तूही आता परघरचीच की," होसियत हसत म्हणाली होती. थट्टेनेच म्हणाली होती.

"माझ्या खोलीत..."

"तुझ्या खोलीत किडे, माझ्या खोलीत किडे! आम्ही कुठं झोपतोय बघ, गाढवाच्या शेजारी. कोश निघू देत, मग ये. हवं तेवढं बोलू."

ओयदिनने मान हलवली. भाऱ्यातून निसटलेली एक फांदी उचलून तिने आईच्या पाठीवर नीट खोचली आणि ती गेली. बोचक्यात काय आहे, हे होसियतने विचारलं नाही. पाला सुकत होता.

"ती तर गेली," होसियत आता म्हणाली. "त्याच दिवशी, उभ्याउभ्याच. मला वाटलं, घरी परतली."

"कुठल्या घरी? आमच्याकडे नाही आली."

"मी तिला फोन लावला होता. दोनदा. कुणी उचलला नाही."

"तिचा फोन माझ्या पेटीत असतो. सुनांना कशाला हवाय फोन?" सलोमत फणकारली. ती पायरीवर टेकली. रुमालातल्या रोट्या तिने मांडीवर घेतल्या, मग बाजूला ठेवल्या, मग पुन्हा मांडीवर घेतल्या. तिने विचारलं, "मग तुम्हाला काहीतरी बोलली असेल ना? कुठं जाते, काय करते? मुली सासूला नाही सांगत, पण आईला सांगतातच."

होसियतने किटली खाली ठेवली. तिला एकेक गोष्ट आता दिसत होती. त्या उन्हात भुवयांपर्यंत ओढलेला रुमाल. तो वर सारून खाली काय आहे ते तिने बघायला हवं होतं. एक हात मोकळा करायचा होता, एवढंच. चार पेट्या किडे नासले असते तर नासले असते.

मधल्या खोलीचं दार उघडंच होतं. दुलई पसरलेली, उशीवर झगा, भिंतीवर पाखरू.

"सांगायलाच आली होती," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"सांगायलाच आली होती."

सलोमतने कानामागे हात धरला.

"अहो, मोठ्याने बोला की विहीणबाई. आता कुठं किडे आहेत घरात?"