ज्येष्ठेसमोरची जागा

राप्वीनं सहावा खडा मांडला आणि सातवा उचलला.

होड्यांच्या मांडवात चटई अंथरली होती. तिच्यावर पोवळ्याचे पांढरे खडे गोल लावले होते, एकेका ताऱ्याचा एकेक. मधोमध झावळीची इवलीशी होडी, म्हणजे हे बेट. ज्या ताऱ्याच्या दिशेला जे बेट, त्या ताऱ्यासमोर राप्वी एक काळा खडा ठेवायचा आणि बेटाचं नाव घ्यायचा. चाळीस वर्षं त्यानं असेच खडे मांडून लोकांना समुद्र शिकवला होता. आज समोर परका कप्तान बसला होता, गुडघ्यावर कागद घेऊन.

राजीखुशीनं काही चाललं नव्हतं. काल मुखियाला जेवायला म्हणून जहाजावर नेलं आणि तिथंच ठेवून घेतलं. आसपासची सगळी बेटं दाखवा, मग तुमचा म्हातारा परत मिळेल, असा निरोप आला. असला यांचा पाहुणचार.

"उरक म्हातारबा," दुभाष्या सानो म्हणाला. तो पश्चिमेकडच्या एका बेटावरचा. दोन वर्षांपूर्वी जहाजावर चढला तो पुन्हा घरी गेलाच नव्हता. "कप्तानाच्या पोटात कावळे ओरडतायत."

"ओरडू देत. आणि त्याला म्हणावं, ज्याच्या डोक्यात काही राहत नाही त्यानं कागद घ्यावा. मला लागत नाही."

सानो हसला. हे त्यानं कप्तानाला सांगितलं की नाही कोण जाणे. कप्तान खड्यांकडं फारसं बघतच नव्हता. त्याची नजर होती राप्वीच्या हातावर. राप्वीला त्याचं बरंच वाटलं. हात बघण्यासारखाच होता.

सातवा खडा रोहिणीसमोर, आठवा श्रवणासमोर. मग ज्येष्ठा.

ज्येष्ठा उगवते त्या दिशेला दोन दिवस गेलं की लामोल बेट लागतं. राप्वीची मुलगी नेयाल तिथं होती, तिच्या दोन पोरांसकट. तीन वर्षांपूर्वी पहिलं जहाज इथं आलं. चार दिवस राहिलं, गोड बोललं, लोखंडी पाती वाटून गेलं. मागोमाग माणसांच्या अंगावर फोड उठले. त्या वर्षी नीरफणस झाडाखाली पडून सडले, वेचायला हात उरले नव्हते. राप्वीचे दोन्ही मुलगे गेले. नेयाल तेव्हा लामोलला कुळातल्या माणसांकडं गेली होती म्हणून वाचली. राप्वीनं तिला परत आणलंच नाही. लामोलला अजून एकही जहाज पोचलं नव्हतं.

सकाळी बायकोनं, लेमायनं, त्याला वाटेतच गाठलं होतं. बायकांना होड्यांच्या मांडवात पाऊल टाकायची बंदी होती.

"लामोलचा खडा ध्रुवाकडं ठेव. हिंडू देत मेल्यांना महिनाभर."

"खोटा खडा मांडता येत नाही, लेमाय."

"का? हात झडतो?"

"माणूस बुडतो. एकदा वाट खोटी सांगितली की समुद्र आपल्यातलाच कुणीतरी नेतो. मामानं मला शिकवताना पहिलं हेच सांगितलं."

"म्हणजे पोरगी त्यांच्या हवाली करतोस?"

"करत नाही. तो खडा मी मांडणारच नाही. तेवढी जागा रिकामी ठेवीन."

"बघ बाबा. तिच्याशिवाय आपल्याला आहे कोण," एवढंच ती म्हणाली.

आता राप्वीचा हात नववा खडा घेऊन सवयीनंच ज्येष्ठेकडं गेला. खडा चटईला टेकणार, एवढ्यात तो थबकला. त्यानं हात उचलला, खडा पुढच्या ताऱ्यासमोर ठेवला आणि तिथल्या बेटाचं नाव घेतलं. आवाज कापला नाही, याचं त्याला त्यातल्या त्यात समाधान वाटलं.

सगळं मांडून झाल्यावर कप्तान वाकला. त्यानं ज्येष्ठेसमोरच्या जागेवर बोट टेकवलं.

"इथं काय आहे, विचारतोय," सानो म्हणाला.

"पाणी."

हे खोटं नव्हतं. दोन दिवस पाणीच होतं.

कप्तान हसला. त्यानं राप्वीच्या खांद्यावर थाप मारली, कागदाची घडी केली आणि उठला. सानो जाताना दाराशी घुटमळला. चटईवरच्या त्या रिकाम्या जागेकडं एकदा बघून मग गेला.

दुपारी मुखिया परत आला. बायका रडल्या, मग हसल्या. लेमायनं नीरफणस भाजला आणि मोठी फोड नवऱ्यापुढं ठेवली.

"मला वाटलं, तुझा तो समुद्र माझी पोरगी खातोय," ती म्हणाली. "हुशार आहेस रे म्हाताऱ्या."

तीन वर्षांनी ती अशी बोलली होती. राप्वी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजानं नांगर उचलला. सगळं गाव किनाऱ्यावर उभं राहिलं. शिडं फुगली, जहाज खडकांच्या रांगेबाहेर पडलं आणि सावकाश वळलं.

"कुठं निघालेत रे?" लेमायनं विचारलं.

राप्वी मांडवाकडं पळत सुटला. बंदी विसरून लेमायही त्याच्या मागोमाग आत शिरली. चटई कालच्यासारखीच पसरलेली होती. राप्वीनं झावळीच्या होडीवरून बाहेरच्या जहाजाकडं नजर लावली, मग चटईवर हात टेकून खाली बसला.

चटईवर काळे खडे अकरा होते. जहाज त्यातल्या एकाकडंही निघालं नव्हतं.