शब्बीरची छुरी

धाकट्या भावाला, शब्बीरला, काल माती देऊन म्हातारा आज नातीसोबत गावी परतत होता. शब्बीरनं जन्मभर कोंबड्या कापल्या. त्याची छुरी आता फडक्यात गुंडाळून म्हाताऱ्याच्या पिशवीत होती. लाखनीच्या बसथांब्यासमोरच्या दुकानात नातीनं चिकन बर्गरचा हट्ट धरला, तेव्हा त्यानं काउंटरवरच्या पोरीला सवयीनं विचारलं, “हलाल हाय का, बेटी?” “हो जी. शब्बीरचाचाच आमाले कापून देतेत.” म्हाताऱ्यानं पिशवी चाचपली. छुरी तिथेच होती. “कधी आला होता तो?” “आज सकाळीच तर देऊन गेले.” “बरा हाय का तो?” “एकदम मस्त जी.” नातीला त्यानं फक्त फ्राईज घेऊन दिल्या. गावाची बस आली आणि निघूनही गेली. म्हातारा दाराकडे तोंड करून बसून राहिला. समोरच्या खुर्चीवर मात्र त्यानं नातीला बसू दिलं नाही.